घरओळख

जेवण झालं की आबा हॉलमधल्या खुर्चीत बसत आणि "मी झोपत नाही, नुसते डोळे मिटलेत," असं जाहीर करत. पुढच्या दोन-चार श्वासांतच छताचा पंखा आपोआप मंद होई. पंखा खोटं बोलत नसे. "बघा, डबीनं पकडलं तुम्हाला," उज्ज्वलाताई सासऱ्यांना म्हणत. तोवर आबा घोरायला लागलेले असल्यामुळे वाद पुढे जात नसे.

डबी म्हणजे पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेला राउटर. चार वर्षांपूर्वी आबा न्हाणीघरात घसरले आणि कुणाला कळेपर्यंत तिथंच पडून राहिले, त्यानंतर ती आणली होती. घरभर इंटरनेट पुरवणाऱ्या रेडिओलहरी भिंतींवर, भांड्यांवर, माणसांच्या अंगावर आपटून परत येतात. कुणी चाललं, कुणाची छाती श्वासानं वरखाली झाली, की परत येणाऱ्या लहरींत बारीकसा फरक पडतो. हौदात कोण उतरलंय हे नुसत्या पाण्याच्या हलण्यावरून कळावं, तसं डबीला घरातलं माणूस कळायचं. कॅमेरा नाही, माइक नाही. कंपनीनं याला ‘पडसादवेध’ असं भारदस्त नाव दिलं होतं. कुणी पडलं आणि उठलं नाही तर डबी घरच्यांच्या फोनवर घंटा वाजवी. एरवी कोण जागं आहे, कोण झोपलंय ते बघून पंखे आणि दिवे सांभाळी.

उज्ज्वलाताईंचे यजमान जयसिंगराव यांना मात्र हे पटायचं नाही. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. "आबांच्या मनगटाला पट्टा आहे, आपल्या खिशात मोबाइल आहे, त्यावरून कळतं तिला. मोबाइल बंद ठेवून घरात शिरा, डबीला तुमचा पत्ता लागायचा नाही. पाटात पाणीच सोडलं नाही तर मीटर कशानं फिरणार?" असं ते आल्यागेल्याला ठासून सांगत. माहितीपुस्तिका त्यांनी उघडून पाहिली नव्हती. उज्ज्वलाताईंनी मात्र ती मलपृष्ठावरच्या बारीक अक्षरांसकट वाचली होती.

बारीक अक्षरं वाचणं हा ताईंचा धर्मच होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि चार मैत्रिणींनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ग्राहक मदत केंद्र सुरू केलं. दर शनिवारी सकाळी त्या तिथं जाऊन बसत ते दिवेलागणीला घरी येत. फसलेली माणसं कोरेगावहून, मेढ्याहून त्यांच्याकडे येत. ताई चष्मा नाकावर सरकवून कागद वाचत, आणि कुठं पाणी मुरतंय ते बरोबर सांगत. साताऱ्यातले काही दुकानदार त्यांना लांबून बघितलं की तराजू पुसायला घेत, अशी त्यांची ख्याती. मला कुणी फसवू शकत नाही, असं त्या कधी बोलून दाखवत नसत, पण तसं त्यांना मनातून वाटत असे. दिव्याखालचा अंधार दिव्याला कुठं दिसतो?

तर अशा घरात डबी बदलायची की नाही, यावर पंधरवडाभर खल चालला होता. कंपनीचा निरोप आला होता की जुन्या डबीची देखभाल दिवाळीपासून बंद होणार, नवी बसवून घ्या.

"चांगली चाललेली वस्तू बंद पाडायची आणि नवी गळ्यात मारायची," ताई म्हणाल्या. "ही जुनी युक्ती आहे. मी नाही बदलणार."

"अगं, पण नेट किती रखडतंय," जयसिंगराव म्हणाले. "आणि आबांना काही झालं तर ती वेळेवर वाजली पाहिजे ना?"

"वाजते की."

पण मागच्या आठवड्यात ती वेळेवर वाजली नाही. आबा पलंगावरून उतरताना खाली बसले ते बसलेच, आणि घंटा वाजली ती जयसिंगरावांनी त्यांना उचलून पाणी दिल्यानंतर. आबांना काही लागलं नव्हतं. "मी पडलो नाही, नुसता खाली बसलो होतो," हेही त्यांनी जाहीर केलं. पण ताईंनी त्याच दिवशी कंपनीला फोन केला आणि बुधवार सकाळची वेळ घेतली. जोडणी त्यांच्याच नावावर होती. न वाचता सही करणाऱ्या नवऱ्याच्या नावावर त्यांनी घरातलं काहीच ठेवलं नव्हतं.

बुधवारी जयसिंगराव आबांना केस कापायला घेऊन गेले, आणि थोड्याच वेळात कंपनीच्या नसीम मुलाणी आल्या. पस्तिशीच्या, हसतमुख, खांद्यावर अवजारांची पिशवी. ताईंनी त्यांना आधी चहा दिला आणि मग प्रश्नांवर घेतलं. ही माहिती कुठं जाते, कोण बघतं, किती दिवस राहते. नसीम शांतपणे उत्तरं देत होत्या. "काकू, तुमच्याच केंद्रानं सह्या गोळा केल्या होत्या ना? तो नियम आल्यापासून आमचं काम दुप्पट झालंय," त्या हसून म्हणाल्या.

ताईंना ते ऐकून बरं वाटलं. तो नियम त्यांच्या आयुष्यातली मोठी लढाई होती. या डब्या घरातल्या माणसांना त्यांच्या चालीवरून, श्वासावरून ओळखायला शिकतात आणि शिकलेलं सगळं पोटात ठेवतात, पण घरच्यांना त्यातलं काहीच दिसत नाही, हे त्यांनी बारीक अक्षरांतून शोधून काढलं होतं. ‘घराला जे माहीत, ते घरच्यांना माहीत’ ही घोषणा त्यांचीच. मोर्च्याच्या दिवशी फलक बांधायला शिडीवर जयसिंगरावच चढले होते. शेवटी नियम झाला. डबी बदलताना जुनीनं शिकलेली ‘घरओळख’ एक तर पुसून टाकायची, नाहीतर जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला एकेक माणूस दाखवून, नाव लिहून घेऊन मगच नव्या डबीत भरायची.

"पुसलं तर?" ताईंनी विचारलं.

"नवी डबी पहिल्यापासून शिकेल. पण तोवर आजोबा पडले तर घंटेचा भरवसा नाही. त्यांचं बसणं कुठलं आणि पडणं कुठलं, हे तिला कळायला वेळ लागतो."

"मग भरूनच घेऊ. दाखवा."

नसीमनी मांडीवरची टॅबलेटची पाटी जुन्या डबीला जोडली. पाटीवर घराचा नकाशा उमटला: हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, गॅलरी. खाली एक ओळ आली आणि नकाशावर आधी टिपलेल्या हालचालींतला एक ठिपका सावकाश चालू लागला.

"पहिलं माणूस. उजवा पाय ओढत चालतं. दुपारी झोप, हॉलमध्ये."

"आबा," ताई हसल्या. "झोपत नाहीत म्हणे!"

नसीमनी नाव घातलं. "दुसरं माणूस. भरभर चालतं, एका जागी फार वेळ बसत नाही. पहाटे लवकर उठतं."

"ती मी."

"तिसरं. सावकाश चालतं, दारापाशी थांबून परत मागं वळतं. स्वयंपाकघरात वावर फक्त शनिवारी."

"हे आमचे हे. निघाले की किल्ली विसरलेली असते." ताईंनी एवढं म्हटलं आणि मग त्यांचा चष्मा जरा खाली आला. "शनिवारी? हे स्वयंपाकघरात काय करतात? यांना चहासुद्धा करता येत नाही."

"डबी चुकतही असेल, काकू," नसीम म्हणाल्या आणि त्यांनी पुढची ओळ काढली. "चौथं माणूस."

"चौथं नाही. आम्ही तिघंच राहतो."

"कामाच्या मावशी असतील."

"मावशी नाहीत आमच्याकडे. भांडी यंत्र घासतं आणि केर मी काढते."

नसीमनी ओळ वाचली. "टाचांवर जोर देऊन चालतं. वावर शनिवारी, सकाळपासून दुपारपर्यंत. अडीच-तीन वर्षांपासून."

नकाशावरचा ठिपका दारातून आत आला. तो हॉलमध्ये घुटमळला नाही, पाहुण्यासारखा खुर्चीपाशी थांबला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, माठ ठेवतात त्या कोपऱ्यात थांबला आणि मग आतल्या खोलीकडे वळला. घर पाठ असलेल्या माणसाची ती चाल होती.

टाचा. "टाचा आपटू नकोस गं, खालच्या मजल्यावरच्यांचे देव हलतात!" हे वाक्य ताईंनी या घरात हजार वेळा तरी म्हटलं असेल. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते काळा कोट चढवून वकिली करायला लागेपर्यंत शर्वरी तशीच चालत आली होती. ताई उठून उभ्या राहिल्या, आणि उभं राहून काय करायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसल्या.

शर्वरी, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला राहणारी. तीन वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं एक प्रकरण केंद्राकडे आलं होतं. कोरेगाव तालुक्यातल्या बायकांनी यंत्रं घेतली, ती कुचकामी निघाली, पोरं आजारी पडली. ताईंनी त्यात जीव ओतला होता. माहेरी आलेल्या लेकीला जेवताना त्या विश्वासानं म्हणाल्या होत्या, "एकच भीती आहे बघ, निम्म्याजणींनी पावत्या जपलेल्या नाहीत." सुनावणीच्या दिवशी यंत्रवाल्या कंपनीच्या वकिलांच्या बाकावर, वरिष्ठांच्या शेजारी, शर्वरी बसलेली होती. आणि वरिष्ठांनी पहिलाच प्रश्न पावत्यांचा काढला. बायका हरल्या.

"आई, मला त्या दिवशी सकाळी सांगितलं बसायला. आणि पावत्या कुठलाही वकील पहिल्यांदा मागतो. त्यासाठी तुझ्या ताटावरची गोष्ट कशाला लागते?" शर्वरी रडत म्हणाली होती. ताई म्हणाल्या होत्या, "केसानं गळा कापलास माझा. या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस." त्यानंतर या घरात तिचं नाव निघालं नाही. जयसिंगराव तेव्हा गप्प बसले, आबा गप्प बसले, आणि ताईंना वाटलं की आपल्या दुःखात दोघं आपल्या बाजूनं उभे आहेत.

शनिवारी. म्हणजे ताई केंद्रात बसून लोकांची फसवणूक निस्तरत असताना.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक गोष्ट बोचायला लागली. शनिवारी केंद्रात जायला उशीर झाला की जयसिंगरावांची होणारी घालमेल. "बायको समाजकार्य करते याचा मला अभिमान आहे," असं ते चारचौघांत म्हणाले होते, तेव्हा ताईंचे डोळे भरून आले होते. वाढदिवसाला त्यांनी विजेवरची स्कूटर घेऊन दिली होती, येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून. मागच्या पावसाळ्यात अंगात कणकण असताना ताई आडव्या पडल्या, तर "जाऊन ये, लोक लांबून येतात," म्हणत त्यांनीच रिक्षा बोलावली होती. ताप असलेल्या बायकोला घराबाहेर काढलं! आणि ताईंनी त्या दिवशी केंद्रात सगळ्यांना सांगितलं होतं की नवरा असावा तर असा. शेजारच्या कदमवहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या, "शनिवारी तुमच्याकडे बरीच गडबड असते हो," आणि लगेच जीभ चावून भाजीच्या भावावर घसरल्या होत्या. म्हणजे कदमवहिनींना माहीत, जिन्याला माहीत, डबीला माहीत. कुंपणच शेत खात होतं आणि ताई लोकांच्या शेतांची राखण करायला गावभर हिंडत होत्या.

"काकू, पाणी आणू?" नसीमनी विचारलं.

"नको. ती आत कुठं जाते ते दाखवा."

ठिपका आतल्या खोलीत शिरला होता. ती खोली एकेकाळी शर्वरीची होती. आता तिथं केंद्राच्या कागदांचे गठ्ठे होते, चालू प्रकरणं होती, आणि भिंतीला लावलेला तिचा जुना पलंग होता. "कागद बघायला येते," ताई म्हणाल्या. "पुन्हा माझ्या कागदांत हात घालायला येते. आणि हे दोघं तिला दार उघडून देतात!"

नसीमनी ठिपका मोठा केला. तो कागदांच्या कपाटाकडे गेलाच नाही. पलंगाशी गेला आणि आडवा झाला. ठिपक्याभोवती एक वर्तुळ होतं, श्वासाचं. ते आधी भराभर लहानमोठं होत होतं, मग हळूहळू संथ झालं.

"झोपल्यात," नसीम हलकेच म्हणाल्या. "बाकीचे शनिवारही असेच आहेत. दोन-दोन, तीन-तीन तास. गाढ झोप."

ताई त्या संथ वर्तुळाकडे बघत राहिल्या. मुलगी माहेरी येते ती झोपायला, हे त्यांच्या आईचं वाक्य. स्वतः ताईही बाळंतपणानंतर माहेरी गेल्या की पहिले दोन दिवस नुसत्या झोपत. आई पोराला घेऊन अंगणात फिरायची आणि कुणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही. हिनं तर माहेरपण चोरून घेतलं होतं, आईच्या घरातून, आई नसताना. कीव यावी की संताप, ते ताईंना कळेना. दोन्ही एकदम आले आणि संताप वरचढ ठरला. मागायची तर होती! फोन करायचा, दारात उभं राहायचं, भांडायचं. तीन वर्षांत एकदाही तोंड दाखवलं नाही म्हणून त्या रात्ररात्र जळल्या होत्या, आणि ही इथं, त्यांच्याच घरात, येऊन झोपत होती.

"आणखी एक आहे, काकू," नसीम म्हणाल्या. त्यांनी पाटी स्वतःकडे किंचित वळवून धरली होती. "पाचवं माणूस."

"जावई असतील. वाचा."

"जावई नाहीत. श्वास फार भरभर आहे. आधी बराच काळ नुसतं उचलून आणलेलं. नंतर जमिनीलगत, रांगत." नसीमनी ताईंकडे पाहिलं. "लहान मूल आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. ते संपल्यावर ताईंनी विचारलं, "या पाटीवर काय काय करता येतं, ते मला नीट सांगा."

नसीमनी सांगितलं. नाव घातलं तर ते माणूस घरचं. नवी डबी त्याच्यासाठी पंखा सांभाळेल, ते पडलं तर घंटा देईल. पुसलं तर ते माणूस डबीच्या लेखी नव्हतंच. आणि तिसरा पर्याय म्हणजे ‘परकं’ असा शिक्का. शिक्का मारलेलं माणूस उंबऱ्याच्या आत आलं की डबीचा भोंगा वाजतो, आणि जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या फोनवर खबर येते.

ताईंना शनिवार दिसायला लागला. त्या केंद्रात बसलेल्या आहेत आणि फोन वाजतो. इकडे घरात भोंगा बोंबलतोय, जयसिंगराव तो बंद करायला सैरावैरा धावताहेत, कदमवहिनी दारात आल्या आहेत. चोरी रंगेहाथ पकडलेली. त्यांना काही विचारावं लागणार नाही, रडावं लागणार नाही, फक्त जिना चढून दारात उभं राहायचं. त्या कल्पनेनं त्यांच्या काळजाला थंडावा वाटला, खोटं कशाला सांगायचं?

"चौथीला परकी करा," त्या म्हणाल्या.

"काकू, भोंगा फार मोठा असतो. लहान पोर घाबरेल."

"घाबरू दे. मी सांगते ते करा."

नसीमनी शिक्का मारला. मग पाचवी ओळ पुढं आली आणि त्यांनी पाटी ताईंच्या हातात दिली. "याला शिक्का तुम्हीच मारा. माझा हात होत नाही. मला घरी तेवढंच लेकरू आहे."

ताईंनी ओळ वाचली. डबीनं आपल्या कोरड्या भाषेत लिहिलं होतं: ‘रांगणं बंद. पहिली स्वतंत्र चाल याच घरात.’ शेजारी त्या वेळच्या हालचालींचा नमुना होता. ताईंनी तो लावला. आबांच्या खुर्चीपाशी आबांचा ठिपका होता, आणि त्याला चिकटून एक इवलासा ठिपका. समोर गॅलरीच्या दाराशी जयसिंगरावांचा. इवला ठिपका सुटला. एक पाऊल, मग थांबा. दोन पावलं. बसला. पुन्हा उठला. आणि मधली सगळी जमीन ओलांडून जयसिंगरावांच्या ठिपक्यात जाऊन मिसळला. आतल्या खोलीतलं संथ वर्तुळ मोडलं आणि टाचा आपटत हॉलकडे धावलं.

चार ठिपके एका जागी गोळा झाले होते. ताईंचा ठिपका नकाशावर नव्हता.

तो कुठला शनिवार, ते ताईंना तारीख न बघताही समजलं. त्या दिवशी घरी आल्यावर जयसिंगरावांनी त्यांच्या हातावर कंदी पेढा ठेवला होता. "कशाबद्दल?" "काही नाही गं, आबांना गोड खावंसं वाटलं." आणि आबा तोंडभर हसत होते. ताईंनी दोन पेढे खाल्ले होते. चांगले आहेत म्हणाल्या होत्या. नातवंडानं पहिलं पाऊल टाकल्याचे पेढे त्यांना खायला घातले आणि कशाचे ते सांगितलं नाही! यापेक्षा तोंडावर दार लावलं असतं तर बरं झालं असतं.

मग आणखी मागचं आठवलं. दीड वर्ष झालं असेल. तेव्हाही शनिवारच, आणि टेबलावर बर्फीचा पुडा. त्या चक्क हसल्या होत्या. "अहो, साताऱ्यात राहून कुणी बर्फी आणतं का? पेढे संपले होते का गावातले?" जयसिंगराव "सहज, बदल म्हणून," असं काहीतरी पुटपुटत पाणी प्यायला उठून गेले होते.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी. त्यांच्या दोन्ही घरांत चालत आलेली रीत. ताई वर्षानुवर्षं तिच्यावर टीका करत आल्या होत्या, मुलीला वेगळी मिठाई कशाला म्हणून. आता त्याच रीतीनं त्यांना सांगितलं की नात झाली आहे.

त्यांचं बोट शिक्क्यावर होतं. हा भोंगा वाजला तर ती पोर दचकेल. कुठल्या घरात पहिलं पाऊल टाकलं हे तिला आठवणार नाही, पण कुठल्या घरात आपल्याला बघून किंकाळी उठली, हे तिच्या अंगात कुठंतरी राहील. आणि ती किंकाळी आजीनं मुद्दाम लावून ठेवलेली. ताईंनी बोट काढून घेतलं.

"नसीम, मागं जाता येतं का?"

"येतं की."

"चौथीचा शिक्का काढा. नाव घालायचंय." त्यांनी स्वतःच अक्षरं दाबली. शर्वरी. तीन वर्षांत हे नाव त्यांनी कुठं लिहिलं नव्हतं, उच्चारलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्या त्याच्याकडे बघत बसल्या. माफ केलं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. कोरेगावच्या बायका हरल्या होत्या, ते तसंच होतं. फक्त मुलगी परकी नव्हती, एवढंच डबीला सांगायचं होतं, आणि डबीला खोटं सांगणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पाटीनं पाचवं नाव मागितलं. रिकामा चौकोन, आणि त्यात उघडझाप करणारी रेघ. ताईंची बोटं अक्षरांवर थांबली.

जिन्यात पाय ओढल्याचा आवाज आला. मागून सावकाश पावलं. दारापाशी ती थांबली, मागं वळली, खाली उतरून पुन्हा वर आली. स्कूटरची किल्ली विसरली असणार. हे ओळखायला ताईंना डबी लागत नव्हती. मग दार उघडलं.

"बघ, आबा कसे तरणेताठे दिसतात," जयसिंगराव आत येत म्हणाले. "झाली का डबी बसवून?" मग त्यांचं लक्ष ताईंच्या मांडीवरच्या पाटीकडे गेलं. नकाशा दिसला. आपला हॉल, आपलं स्वयंपाकघर, आणि कडेला ओळीनं मांडलेली चार नावं. चौथं वाचून त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली.

"हे... हे काय? तिचा मोबाइल तर बंद असायचा," ते बोलून गेले, आणि बोलल्यावर काय बोललो ते त्यांना उमगलं. "अगं, उज्ज्वला, ऐक, ते असं झालं की..."

"मी सांगून टाक म्हणत होतो," आबा खुर्चीत बसत भिंतीला म्हणाले. एरवी तीनदा हाक मारल्याशिवाय काही ऐकू न येणाऱ्या आबांना आज सगळं ऐकू येत होतं.

"एक अक्षर खोटं बोलू नका," ताई म्हणाल्या. "तुम्ही मला फसवलंत. तिनं एकदा फसवलं असेल, तुम्ही दर शनिवारी फसवलंत. मला ताप असताना घराबाहेर काढलंत. मला पेढे खायला घातलेत. मी जगाला सांगत फिरले की माझा नवरा असा आहे म्हणून. याचा हिशेब आज होणार नाही, आणि शनिवारीही होणार नाही. या शनिवारी मी केंद्रात जाणार नाहीये, तेवढं तिला कळवून ठेवा. मग यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."

जयसिंगराव दारातच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. नसीम पिशवीतली अवजारं उगाच पुन्हा पुन्हा लावत बसल्या होत्या.

"आता पाचवीचं," ताई म्हणाल्या.

"पाचवी?" जयसिंगराव दचकले. "मुलगी आहे, हे तुला कुणी सांगितलं? डबीला तेही कळतं?"

"डबीला नाही कळत. बर्फी मला कळते."

त्यांनी पाटी त्यांच्यापुढे धरली. चौकोनात रेघ उघडझाप करतच होती. या घरात तिला उचलून आणलं होतं, ती इथं रांगली होती, इथंच चालायला शिकली होती. आबांना ठाऊक, कदमवहिनींना ठाऊक, कपाटावरच्या डबीलाही ती श्वासानिशी ठाऊक. एकट्या उज्ज्वलाताईंना ते साधं विचारावं लागत होतं.

"सांगा ना. माझ्या नातीचं नाव काय ठेवलंय?"